नियमांची शिदोरी: जपानच्या प्रवासाला निघताना

परदेशप्रवास आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. सांगली-कोल्हापूरकडील शेतकरी श्रावक असो वा पुण्या-मुंबईतील व्यापारी, मुलांच्या नोकरीनिमित्त किंवा निव्वळ पर्यटनासाठी घराघरांतून माणसे परदेशी जाऊ लागली आहेत. पासपोर्ट, व्हिसा, विमा, परकीय चलन यांची तयारी नेटकी होते. आहाराची तयारी मात्र पुष्कळदा शेवटच्या दोन दिवसांवर ढकलली जाते. मग भीतीपोटी दिसेल ते बॅगेत कोंबले जाते. त्यातील निम्मे वाया जाते आणि ज्याची खरी गरज पडते तेच नेमके घरी राहते.

अलीकडे या तयारीत एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. घरातील तरुण पिढीने दूध, तूप, दही यांचाही त्याग करावयास आरंभ केला आहे. आजच्या दुग्धव्यवसायात गायीपासून वासराची होणारी ताटातूट आणि भाकड जनावरांची होणारी रवानगी पाहून त्यांनी तो निर्णय घेतलेला असतो. या आहारपद्धतीला जगभर ‘व्हीगन’ हे नाव आहे. इंग्लंडमध्ये १९४४ साली व्हीगन सोसायटी स्थापन झाली तेव्हा हा शब्द रूढ झाला. वडीलधाऱ्यांच्या ताटात तूप असते, नातीच्या ताटात ते नसते. घरी दोन भांडी वेगळी ठेवली की भागते. परदेशात, विशेषतः भाषा न कळणाऱ्या देशात, हे दोन नियम एकाच बॅगेत कसे भरावयाचे?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी जपानसारखे दुसरे उदाहरण नाही. साकुराचा बहर पाहण्यासाठी भारतीय पर्यटक तेथे मोठ्या संख्येने जातात. तेथे बौद्ध मठांतील शुद्ध शाकाहाराची प्राचीन परंपरा आहे, आणि त्याच देशात साध्या दिसणाऱ्या भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो.

आधी नियम लिहावेत, मग यादी

चार जणांच्या एका कुटुंबाची कल्पना करावी. आजींचा चौविहार आहे, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीही नाही. मुलगा व सून कंदमूळ खात नाहीत. महाविद्यालयात शिकणाऱ्या नातीने दूध व मध सोडले आहे, पण बटाट्याविषयी तिचा आग्रह नाही. दहा दिवसांचा प्रवास ठरला आहे. अशा वेळी प्रत्येकासाठी वेगळी पिशवी भरण्याचा मोह होतो. तसे केल्यास ओझे वाढते, आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी ‘हे माझे, ते तुझे’ असा सूक्ष्म दुजाभावही निर्माण होतो.

त्याऐवजी एका कागदावर चौघांचे नियम लिहावेत आणि जे कोणालाच वर्ज्य नाही तेवढेच बॅगेत घालावे. त्यात दूध-तूप नसेल, मध नसेल, कांदा-लसूण-बटाटा नसेल. पहिल्या नजरेत ही यादी फार तोकडी वाटते. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातील प्रवासाचे बहुतेक जुने पदार्थ तिच्यात बसतात. तेलातील खाकरे, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाविना केलेले भडंग, भाजके डाळे व शेंगदाणे, शेंगदाण्याची व तिळाची चिक्की, गुळातील राजगिऱ्याचे लाडू, जवस, कारळे व तीळ यांच्या कोरड्या चटण्या, मेतकूट. तुपाच्या जागी तेल घेतले की आजी व नात एकाच डब्यातून जेवू शकतात. आजींना दूध वर्ज्य नाही. पण दहा दिवस तेलातील खाकरा खाण्याने त्यांच्या कोणत्याही नियमाला बाध येत नाही. नातीला बटाटा चालतो. पण दहा दिवस तो न खाल्ल्याने तिचेही काही बिघडत नाही.

वास्तविक व्हीगन आहार आणि जैन आहार हे पूर्णतः एक नाहीत आणि पूर्णतः भिन्नही नाहीत. मद्य, मांस व मध यांचा त्याग श्रावकाच्या अष्ट मूलगुणांत सांगितला आहे. त्यांपैकी मांस व मध व्हीगन व्यक्तीही टाळते. पण व्हीगन शिक्का असलेल्या पदार्थात कांदा, लसूण, बटाटा, गाजर, अळंबी हे सारे असू शकते. मद्यही असू शकते. पौष्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हीगन वड्यांत सुके अंजीर वारंवार आढळते, आणि अंजीर हे पाच उदुंबर फळांत मोडते. उलट ‘जैन’ म्हणून मिळणाऱ्या पदार्थात लोणी व पनीर सर्रास असते. म्हणून ‘व्हीगन आहे ना, मग चालेल’ किंवा ‘जैन आहे ना, मग चालेल’ ही दोन्ही वाक्ये प्रवासात अपुरी ठरतात.

विमानातील जेवण

तिकीट काढतानाच विशेष जेवणाची नोंद करता येते. विमान कंपन्यांच्या संकेतांत ‘व्हीजेएमएल’ म्हणजे जैन शाकाहारी, ‘व्हीजीएमएल’ म्हणजे व्हीगन आणि ‘एव्हीएमएल’ म्हणजे भारतीय धाटणीचे शाकाहारी जेवण. तिसऱ्या प्रकारात कांदा-बटाटा व दूध दोन्ही असू शकते. एका प्रवाशाला एकच संकेत निवडता येतो, त्यामुळे नातीने व्हीगन आणि इतरांनी जैन जेवण नोंदवणे इष्ट. नोंद सामान्यतः उड्डाणापूर्वी किमान २४ तास करावी लागते. काही कंपन्या याहून अधिक मुदत मागतात. जाताना व येताना अशा दोन्ही उड्डाणांसाठी, आणि मध्ये विमान बदलत असेल तर प्रत्येक टप्प्यासाठी, ही नोंद स्वतंत्रपणे तपासावी.

जपानची घड्याळे भारताच्या साडेतीन तास पुढे आहेत. पूर्वेकडे जाताना दिवस लहान होतो, म्हणून चौविहार करणाऱ्यांनी भारतीय वेळेवर विसंबू नये. हातातील पिशवीत दोन दिवसांची कोरडी शिदोरी असावी. लोणचे, ओली चटणी हे पदार्थ सुरक्षा तपासणीत द्रवात गणले जातात. १०० मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीत असतील तर हातातील पिशवीतून ते काढून घेतले जातात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मुळीच घेऊ नयेत. त्यांतील तेलामुळे पेट घेण्याचा धोका असल्याने विमानात त्या नाकारल्या जातात. मोबाइलची पॉवर बँक नेहमी हातातील पिशवीतच ठेवावी.

जपानच्या दारातील सत्य

बॅग भरताना सर्वांत महत्त्वाचा विचार येथे करावयाचा आहे. जपानमध्ये बाहेरून येणाऱ्या वनस्पतिजन्य वस्तूंची तपासणी काटेकोर असते. कच्चे तांदूळ, कच्च्या डाळी, बियाणे, ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, मिरच्या यांसाठी निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. काही फळांना तर पूर्ण मनाई आहे. खिचडी शिजवू या विचाराने मूगडाळ व तांदळाची पुरचुंडी नेणारी माणसे येथेच अडचणीत येतात. नियम सरळ ठेवावा: जे भाजलेले, तळलेले किंवा शिजवून वाळवलेले आहे ते न्यावे, जे जमिनीत पेरले तर उगवेल ते घरी ठेवावे. विमानात मिळालेले सफरचंदही विमानातच संपवावे.

घरगुती पदार्थांवर नाव नसते. अधिकाऱ्याला मेतकूट व बियाण्याची पूड यांतील फरक कसा कळणार? शक्य तेथे कारखान्यात बंद केलेली, घटक छापलेली पाकिटे घ्यावीत. घरच्या डब्यावर पदार्थाचे नाव व घटक इंग्रजीत लिहून चिकटवावेत.

उतरल्यावर प्रत्येक प्रवाशाला सीमाशुल्काचे घोषणापत्र द्यावे लागते. ‘व्हिजिट जपान वेब’ या शासकीय सेवेवर ते आधीच भरून ठेवता येते. शंका असेल त्या पदार्थाबाबत वनस्पती तपासणीच्या खिडकीवर स्वतःहून पाकीट दाखवावे. अधिकारी पाहतील, चालत असेल तर परत देतील, नसेल तर ठेवून घेतील. यात अपमान नाही. ‘काही नाही’ असे लिहून पाकीट कपड्यांच्या घडीत लपवणे मात्र कायद्याने गुन्हा आहे, आणि श्रावकाच्या दृष्टीने त्याहून मोठी हानी आहे. अहिंसा पाळता यावी म्हणून जी शिदोरी बरोबर घेतली तिच्यासाठी सत्याणुव्रत मोडले तर त्या शिदोरीचा हेतूच उरत नाही. एखादे पाकीट गेले तर एक जेवण साधे होईल, एवढेच. लहान मुले बरोबर असतील तर आईवडील त्या खिडकीवर काय उत्तर देतात हे ती ऐकत असतात.

रश्श्यातील मासा

जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ हा अर्क आहे. तो बहुधा ‘कात्सुओ’ नावाच्या माशाच्या वाळवलेल्या कापांपासून करतात. मिसोचे सूप, शेवयांचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, तळलेल्या टोफूवरील रस या सर्वांत तो असू शकतो. वाढणाऱ्याला विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘यात मांस नाही’ असे सांगतो, कारण त्याच्या मनात दाशी हा मांसाहार नसून चव असते. थंड टोफूवर भुरभुरलेले पातळ तपकिरी पापुद्रेही माशाचेच असतात. शिवाय रश्श्यात ‘मिरिन’ व ‘साके’ ही मद्ये घातली जातात.

दुकानातील पाकिटांवर अंडे, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा अशा अॅलर्जी देणाऱ्या घटकांची नोंद कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे दूध व अंडे ओळखणे सोपे जाते. कात्सुओ मात्र त्या बंधनकारक अॅलर्जी-यादीत नाही. त्यासाठी पाकिटावरील घटकांची संपूर्ण यादी वाचावी लागते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने लिपीचे भाषांतर करणारे अॅप व जपानी भाषेचा संच घरीच उतरवून घ्यावा, म्हणजे इंटरनेट नसतानाही ते चालेल. आंबट-खारट ‘उमेबोशी’ फळ शाकाहारी वाटते, पण त्याच्या काही प्रकारांत मध किंवा मासा असतो. भाषांतर करूनही शंका उरली तर पाकीट खाली ठेवावे.

बॅगेतील सर्वांत हलकी व सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे जपानी लिपीत छापलेले आहारपत्र. जाणकाराकडून ते लिहून घ्यावे व प्रत्येकाजवळ दोन प्रती ठेवाव्यात. त्यात वर्ज्य पदार्थांची नावे एकेक करून असावीत: मांस म्हणजे ‘निकु’, मासा ‘साकाना’, अंडे ‘तामागो’, दूध ‘ग्यून्यू’, मध ‘हाचिमित्सु’, कांदा ‘तामानेगी’, लसूण ‘निन्निकु’, बटाटा ‘जागाइमो’, गाजर ‘निन्जिन’, अळंबी ‘किनोको’, आणि अर्थातच ‘दाशी’. शेवटी ‘नुकि दे ओनेगाई शिमासु’, म्हणजे ‘हे वगळून द्यावे ही विनंती’. मांस व लसूण या शब्दांचे उच्चार किती जवळचे आहेत ते पाहिले की तोंडी सांगण्यापेक्षा कागद का बरा ते ध्यानात येते. पत्र दाखवल्यावर आचारी नम्रपणे नकार देईल, असे अनेकदा घडेल. तो नकार म्हणजे प्रामाणिक उत्तर समजून आभार मानावेत व पुढे जावे.

मठातील भोजन आणि आपला विवेक

जपानमधील बौद्ध मठांत ‘शोजिन र्‍योरी’ नावाची भोजनपरंपरा आहे. त्यात मांस, मासे नसतात. कांदा-लसूण वर्गातील उग्र वनस्पतीही वर्ज्य मानल्या जातात. कोयासान या पर्वतावर कूकाई या आचार्यांनी इ.स. ८१६ मध्ये स्थापन केलेले मठांचे केंद्र आहे. तेथील पन्नासाहून अधिक मंदिरांत यात्रेकरूंना मुक्काम करता येतो. रात्रीचे जेवण बहुधा साडेपाच ते सहाच्या सुमारास वाढले जाते. एप्रिलच्या आरंभी त्या भागात सूर्यास्त सव्वासहाच्या पुढे होतो, त्यामुळे थोडे लवकर वाढण्याची विनंती आरक्षण करतानाच केली तर आजींचा चौविहारही सांभाळला जातो.

तरीही येथे डोळे मिटून जेवता येत नाही. मठाच्या ताटात पांढरा मुळा, कमळाचे देठकंद, गोबो नावाचे मूळ असते. ‘कोन्न्याकु’ नावाची लवचीक वडी ज्या कंदापासून होते तो आपल्या सुरणाच्याच कुळातील आहे. तिळाचा टोफू म्हणून जे मऊसूत पक्वान्न येते ते ‘कुझु’ नावाच्या मुळाच्या पिठाने घट्ट केलेले असते. रश्श्यासाठी माशाऐवजी ‘कोंबु’ हे समुद्रशैवाल व ‘शिइताके’ ही अळंबी वापरतात. शेवाळ व अळंबी यांची गणना अनंतकायात करणाऱ्यांनी तोही रस्सा टाळावा. या सर्वांतून उरते ते भात, सोयाबीनचा टोफू, वाळवलेला कोया-टोफू, पालेभाज्या व फळे. नातीला यांतील बहुतेक सारे चालेल. इतरांनी भात व टोफू घेऊन बाजूला आपली कोरडी चटणी घ्यावी. मात्र मठात किंवा उपाहारगृहात बाहेरचे अन्न काढण्यापूर्वी अनुमती मागावी. बहुतेक उपाहारगृहांत ते चालत नाही.

टोकियोच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई येथे भारतीय वस्ती मोठी आहे, आणि तेथील भारतीय उपाहारगृहांत कांदा-लसणाविना पदार्थ मागणे सोपे जाते. कोबे शहरातील कितानो भागात १९८५ साली उभारलेले भगवान महावीरस्वामींचे जिनालय आहे. ओसाका-क्योतोच्या वाटेवर एक सकाळ दर्शनासाठी राखून ठेवावी.

सूर्यास्ताचा हिशेब

जपानला जाण्याचे दोन मुख्य हंगाम आहेत: मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभीचा साकुराचा बहर आणि नोव्हेंबरातील लाल पानांचा काळ. टोकियोत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो साडेचारलाच मावळतो. तेथील उपाहारगृहे दुपारी दोन-तीनला बंद होऊन सायंकाळी पाच-साडेपाचला पुन्हा उघडतात. म्हणजे नोव्हेंबरात सूर्यास्तापूर्वीचे जेवण बाहेर मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. सायंकाळचे जेवण पूर्णपणे शिदोरीवर असेल, असे धरूनच बॅग भरावी. ज्या गावांत मुक्काम आहे त्यांच्या सूर्योदय-सूर्यास्ताचे तक्ते छापून आहारपत्राबरोबर ठेवावेत.

ऋतूनुसार अन्नाची कालमर्यादाही बदलते. श्वेतांबर परंपरेत खाकरे, मिठाई यांसारख्या पदार्थांना पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० व हिवाळ्यात ३० दिवसांची मर्यादा सांगितली आहे. साकुराचा बहर सामान्यतः फाल्गुन चौमासीनंतर येतो, म्हणजे मर्यादा २० दिवसांची. दहा दिवसांच्या प्रवासासाठी निघण्यापूर्वी तीन-चार दिवसांत केलेले पदार्थ तीत सहज बसतात; बाजारातील महिन्यापूर्वीचे पाकीट बसत नाही. चौमासीनंतर सुकामेवा वर्ज्य करणाऱ्या घरांनी बदाम-काजूंच्या पुड्यांवर भिस्त ठेवू नये. दिगंबर परंपरेतील पिठाच्या व पदार्थांच्या मर्यादा याहून वेगळ्या आहेत. त्यांविषयी आपल्या गुरूंना विचारूनच ठरवावे.

वजन आणि वीज

चौघांचे दहा दिवसांचे गणित असे मांडता येईल. सायंकाळची ४० जेवणे, प्रत्येकी १५० ग्रॅम, म्हणजे ६ किलो. सकाळचे ४० अल्पोपाहार, प्रत्येकी ८० ग्रॅम, म्हणजे ३.२ किलो. मेतकूट व चटण्या १ किलो. एकूण १०.२ किलो. एका तिकिटावर २३ किलोची मुभा धरली तर चौघांचे ९२ किलो होतात. शिदोरी त्याच्या साधारण एक-नवमांश. यापेक्षा अधिक नेण्याचे कारण नाही. हे वजन चारही बॅगांत समान वाटावे, म्हणजे एखादी बॅग उशिरा आली तरी कोणी उपाशी राहत नाही.

तांदूळ नेता येत नाहीत म्हणून भात सुटत नाही. जपानमधील चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानांत शिजवलेल्या पांढऱ्या भाताचे बंद डबे मिळतात. गरम करून त्यात मेतकूट, मीठ व थोडे तेल कालवले की घरचे जेवण होते. सोयाबीनचे दूध, साधा टोफू, केळी, सफरचंदे तेथे सर्वत्र मिळतात. रस्त्यात खमंग वासाने बोलावणारे भाजके रताळे मात्र कंदच आहे, हे मुलांना आधी सांगून ठेवावे.

विजेची किटली घरून नेऊ नये. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे. आपली २३० व्होल्टची किटली तेथे लावली तर तिची उष्णता मूळच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरते आणि पाणी उकळण्याची वाट पाहत बसावे लागते. हॉटेलच्या खोलीत किटली बहुधा असते. आरक्षणाच्या वेळी खात्री करावी. उकळलेले पाणी पिणाऱ्यांचीही तेथेच सोय होते. पाण्याचे गाळणे, एक थर्मास, झाकणाचे स्टीलचे डबे, चमचे आणि चपट्या दोन पिनांचा प्लग एवढे पुरे. खोलीत शेगडी लावून स्वयंपाक करण्यास हॉटेले मनाई करतात. तो नियम पाळावा.

ताटापलीकडचे

हिंसेचा विचार ताटापाशी थांबत नाही. चामड्याचे बूट, पट्टा, पाकीट यांऐवजी कापडी घ्यावेत. मंदिरे व पारंपरिक निवासांत वारंवार पादत्राणे काढावी लागतात, म्हणून चटकन काढता-घालता येणारे कापडी बूटच सोयीचे. थंडीसाठी पिसांचे जॅकेट टाळून कृत्रिम धाग्याचे घ्यावे. पारंपरिक निवासात पिसांच्या उशीऐवजी बकव्हीटच्या टरफलांची ‘सोबागारा’ उशी मागता येते. साबण, दंतमंजन, शाम्पू घरचेच असावेत. औषधांत कॅप्सूलचे वेष्टन पुष्कळदा जिलेटिनचे असते. डॉक्टरांना विचारून शक्य तेथे गोळी घ्यावी. मात्र आवश्यक औषध केवळ वेष्टनासाठी कोणी परस्पर बंद करू नये. औषधे मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. महिन्याभराहून अधिक साठा नेण्यास जपानमध्ये पूर्वपरवानगी लागते, आणि सर्दीवरील काही औषधांतील स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून अधिक असल्यास ती नेताच येत नाहीत.

आजींचे सामायिकाचे कटासणे लोकरीचे असेल व नातीचे सुती असेल, तर तो चर्चेचा विषय घरासाठी ठेवावा. दोन्ही कटासणी एकाच खोलीत शेजारी अंथरता येतात.

घरून निघण्यापूर्वी हिरव्या ठिपक्याबाबत एक सावधानता. भारतीय पाकिटावरील हिरवा ठिपका शाकाहार दर्शवतो, पण त्यात दूध व मध असू शकतात, कांदा-लसूणही असू शकतो. व्हीगन पदार्थांसाठी आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली स्वतंत्र नियम केले व वेगळे बोधचिन्ह दिले. पण तेही कंदमुळाविषयी काही सांगत नाही. म्हणून चौघांच्या नियमांचा तो कागद हाती घेऊनच प्रत्येक पाकिटाची मागील बाजू वाचावी.

जपानमध्ये रस्त्यावर कचरापेट्या विरळ असतात. रिकाम्या पिशव्या बरोबर ठेवाव्यात व दिवसाचा कचरा निवासावर आणावा. शिनकानसेन या वेगवान रेल्वेत डबा उघडून जेवणे तेथे रूढच आहे, शहरी लोकलमध्ये मात्र नाही. परतीच्या आदल्या रात्री उरलेल्या शिदोरीचे वजन करावे आणि त्याच कागदाच्या मागे आकडा लिहून ठेवावा. पुढील प्रवासाला निघणाऱ्या नातलगाला तो कागद देता येईल; कोणत्याही तयार यादीपेक्षा तो त्याच्या अधिक उपयोगी पडेल.